चौदा खोटे दोरे

कापड तपासणाऱ्या बायका तिला घार म्हणायच्या. सतरा वर्षं एकाच कारखान्यात, मागून उजेड असलेल्या काचेपुढे उभं राहून तिने कोसच्या कोस कापड डोळ्यांखालून घातलं होतं. पायाखालचं पेडल दाबलं की तागा काचेवरून सरकायला लागतो. डाग दिसला, गाठ दिसली, की पाय उचलायचा, काठाला लाल दोरा बांधायचा आणि पुन्हा पाय ठेवायचा. केसाएवढा तुटका धागाही घारीच्या नजरेतून सुटत नसे. मग एके दिवशी तिला कापडात विणलेली अक्षरं दिसली, आणि तीही तिच्याच नावाची. तिने मशीन बंद केली आणि कुणालाच चालू करू दिली नाही. पुढचे चाळीस दिवस इस्पितळात गेले. परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरीच उभी होती.

अक्षरं गोळीने गेली. जाताना सकाळ आणि दुपार मात्र सोबत घेऊन गेली.

थोरल्या बहिणीकडे ती राहायला आली ती बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर. संध्याकाळची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यावर ओल्या गोधडीसारखी पडून असायची. भावजी स्वभावाने गरीब, टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे. आपल्या घरात हल्ली बातम्यासुद्धा खाणाखुणांनी सांगतात, एवढंच काय ते एकदा म्हणाले. ती हसली. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिली.

नोकरी शोधायची तर आधी जागं राहायला हवं. तिने सगळं करून पाहिलं. लवंग दाताखाली धरली, बोटं चेमटणारे बूट घातले, बस सोडून पायी गेली. एका कचेरीत तर बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि नावाचा पुकारा तीनदा होऊन गेला. शिपायाने हलवलं तेव्हा आतला साहेब जेवायला उठला होता. बरं, डॉक्टरांना सांगावं, तर त्यांचा प्रश्न ठरलेला, झोप कशी लागते? ती म्हणायची, छान लागते. खोटं नव्हतंच ते. डॉक्टर खूश व्हायचे, कागदावर काहीतरी लिहायचे. जास्त बोललं तर पुन्हा भरती करतील, ही धास्ती तिने आपल्यापाशीच ठेवली होती.

शेवटी जुन्या मैत्रिणीने शब्द टाकला आणि एका नव्या कारखान्यात तिला चाचणीला बोलावलं. तपासणीवरच्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्याकडे एक तागा राखून ठेवलेला होता. त्यात नऊ दोष, आणि कुठे काय ते फक्त त्यांनाच ठाऊक. घारीने पाच पकडले. सहाव्याच्या वेळी पाय पेडलवर तसाच जड राहिला आणि कापड तिच्या मिटल्या डोळ्यांपुढून वाहून गेलं.

मोठ्या बाईंनी दोरे मोजले. "चार सुटले. सुटलेला डाग मी एकवेळ माफ करते," त्या म्हणाल्या. "मैत्रीण तुझं फार सांगत होती. पुढच्या गुरुवारी ये, झोप काढून ये."

झोप काढून! घरी येताना तिला त्या शब्दांचं हसू येत राहिलं. आता ही एकच संधी. मिळाली तर ती पुन्हा घार, नाही तर सोफ्यावरची आजारी बहीण, जन्मभर.

त्या संध्याकाळपासून ताईसमोर ती गोळी जिभेखाली धरायची आणि नंतर दोऱ्यांच्या डब्यात टाकायची. दुसऱ्याच दिवशी जग काच पुसल्यासारखं लख्ख झालं. तिने भाजी चिरली, जिना झाडला, ताईशी थट्टा केली. ताई भावजींना म्हणाली, गोळी लागू पडली बघा. तिसऱ्या दिवसापासून झोप आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. इतके महिने झोपून काढले, तेवढी शिल्लक असेलच की.

गुरुवारी तागा लागला. काय दिसत होतं तिला! धागान् धागा मोजता येत होता. पाय उचल, दोरा बांध, पाय ठेव. शेजारच्या मशीनवरच्या बायका मान वळवून बघायला लागल्या. तागा संपला तेव्हा काठाला तेवीस लाल दोरे लोंबत होते.

मोठ्या बाईंनी दोरे दोनदा मोजले. मग त्यांनी तागा उलटा फिरवला, पहिल्या दोऱ्याशी थांबवला आणि म्हणाल्या, "दाखव."

तिने दाखवलं. तेलाचा ठिपका होता. दुसऱ्याशी गाठ होती. तिसऱ्याशी तिने बोट ठेवलं, "ही बारीक रेघ."

"कुठली?"

तिने बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. डोळ्याला अजून दिसत होती. नुसती रेघ नव्हती ती, वळण घेत होती. पुढचं अक्षर कुठलं येणार हे तिला कळायच्या बेतात आलं, आणि तिने बोट उचललं.

"बाई," ती हळू म्हणाली, "खरं सांगा. तुम्हाला दिसतंय का इथे काही?"

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. कापडाजवळ वाकल्या. घाई केली नाही.

"नाही गं."

तिने स्वतःच तो दोरा सोडला. मग पुढचा. प्रत्येक ठिकाणी ती बाईंच्या तोंडाकडे बघायची, बाईंनी नाही म्हणून मान हलवली की ती गाठ सोडायची. चौदा दोरे तिच्या मुठीत जमले. काठाला नऊ उरले.

"नऊच्या नऊ सापडले तुला," मोठ्या बाई म्हणाल्या. "आजवर कुणाला सगळे सापडले नव्हते. पण खालच्या मजल्यावर दोरा दिसेल तिथे कात्री चालते. सुटलेल्या डागाने एक सदरा जातो. खोट्या दोऱ्यांनी चांगल्या ताग्याच्या चिंध्या होतात. मी काय करू, तूच सांग."

तिने मुठीतले दोरे बाईंच्या हातात दिले. त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

घरी आल्यावर तिने ताईला समोर बसवलं. तिने दोऱ्यांचा डबा उघडून पुढे केला. रिळांच्या खाली सहा गोळ्या होत्या, एक थोडी विरघळलेली. ताईने कपाळावर हात मारला नाही की ती रडली नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आज नेहमीची एकच द्यायची, सुटलेल्या भरून काढायच्या नाहीत, आणि उद्या सकाळी सगळ्यांत आधी तिला घेऊन या.

"काय सांगशील उद्या?" ताईने पाण्याचा पेला देत विचारलं.

"झोप छान लागते," ती म्हणाली. मग गोळी गिळली आणि ताईला दिसावं म्हणून तोंड उघडून जीभ वर केली. "पण ती दिवसाही लागते. आणि दिवस मला कामाला हवाय."

"एवढंच आधी का नाही बोललीस?"

तिने पेला खाली ठेवला. समोरची भिंत पांढरी होती. ती भिंतीकडे बघत होती, आणि तिथे काय दिसतंय ते तिने ताईला विचारलं नाही. भावजी आत आले, सोफ्यावरची तिची उशी त्यांनी नीट केली आणि टीव्ही लावायच्या आधीच त्याचा आवाज बंद केला.