घडामोडींचा चौकोन

रागिणीनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या माकडाच्या चित्रावर क्लिक केलं. माकडाचं तोंड करडं झालं, म्हणजे तिची स्क्रिप्ट बंद झाली. मग तिनं ऑर्कुटचं पान पुन्हा उघडायला लावलं आणि ते उतरेपर्यंत उंबऱ्याशी बसलेल्या लेकाकडे, वेदांतकडे पाहिलं. तोंडात काही घातलं नव्हतं. तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता.

वारंगा फाट्यावरच्या या दुकानात रागिणीचा नवरा भारत मोबाईलचं रिचार्ज मारायचा आणि आतल्या तीन कॉम्प्युटरवर पोरं नेटला बसायची. नांदेडला बी.एस्सी. झालेल्या रागिणीनं मागच्या वर्षी ही स्क्रिप्ट लिहिली. ब्राउझरमध्ये बसवली की ऑर्कुटवरच्या जाहिराती, रोजचं भविष्य, कोण डोकावून गेलं त्याची यादी, मित्रांच्या घडामोडींचा चौकोन, सगळं गायब. उरायचे फक्त निरोप. जे लपवायचं त्याला तिनं कोडमध्ये नावच दिलं होतं, 'कचरा'. सहज म्हणून एका साइटवर टाकली, तर पार ब्राझीलमधली माणसं ती वापरू लागली. त्यातल्याच एकानं काल कळवलं होतं, पानाची मांडणी बदलली, जाहिराती पुन्हा दिसताहेत. दुरुस्ती करायची तर मूळ पान एकदा आहे तसं बघणं भाग होतं.

"रागिणी, याचं कानटोपडं कुठंय गं?" दुकानामागच्या स्वयंपाकघरातून राजनंदिनीचा आवाज आला.

"पिशवीत वरच ठेवलंय, ताई."

राजनंदिनी भारतची थोरली बहीण. हिंगोलीला असायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. रागिणी काविळीनं नांदेडच्या दवाखान्यात पडली तेव्हा सहा महिन्यांच्या वेदांतला तिनंच सांभाळलं. त्यानंतरही अधूनमधून ती त्याला घेऊन जायची. आज तर दिवाळीपर्यंत नेणार होती. "तुझं कॉम्प्युटरचं काम होऊन जाईल निवांत," म्हणाली होती, आणि रागिणीला खरंच बरं वाटलं होतं. पिशवी भरून काउंटरखाली ठेवलेली होती.

पान उतरलं. आधी जाहिरात, मग भविष्य, मग उजवीकडे तो चौकोन हळूहळू वरून खाली रंगत गेला.

त्यात वेदांत होता.

रागिणीनं उंबऱ्याकडे पाहिलं. परत पडद्याकडे. तीच डाव्या भुवईवरची खूण, तेच पुढचे दोन दात. पण हा निळा कोट तिनं कधी घेतला नव्हता, आणि ती तीट लावायची कपाळावर. इथं ती हनुवटीवर होती.

खाली लिहिलेलं होतं, 'राजनंदिनीने अल्बममध्ये नवीन फोटो टाकले. माझा मल्हार.'

 तिनं अल्बमवर क्लिक केलं. दसऱ्याच्या प्रदर्शनातल्या पाळण्यात वेदांत. राजनंदिनीच्या मांडीवर, तिच्याच नथीला हात घालणारा वेदांत. पुढ्यात केक, त्यावर गुलाबी क्रीमनं मल्हार. पुण्याकडच्या कुणा मैत्रिणीनं खाली लिहिलं होतं, 'अगदी तुझ्यावर गेलाय गं!' त्याला राजनंदिनीचं उत्तर, 'सगळे तेच म्हणतात.'

 राजनंदिनीचं हे खातं रागिणीनंच याच खुर्चीवर बसून उघडून दिलं होतं. "माझ्या पानावर कुणाच्या घडामोडी दिसतच नाहीत, ताई, सगळा कचरा काढलाय मी," असं कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हा राजनंदिनीनं विचारलं होतं,

"कुनाचंच न्हाई दिसत?"

"कुणाचंच नाही."

"लई भारी हाय बाई तुझं."

मल्हार. हे नाव तिनं आधीही ऐकलं होतं, बारशाच्या आदल्या दिवशी. "मल्हार ठेवू की. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो," राजनंदिनी म्हणाली होती. पण रागिणीनं वेदांत नावाचा बोर्ड केव्हाच छापून पाळण्यामागं लावला होता. राजनंदिनी बोर्डाकडे बघून हसली होती. दुसऱ्या दिवशी ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बायांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले, हसण्याचा एकच कल्ला झाला. कानात ती काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. ऐकायचं असतं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

"काहून गं, नेट गेलं का?" भारत बाहेरून डोकावला. "तोंड काहून असं झालं?"

"काही नाही."

"जीपवाला येऊन राहिला बघ. ताईला म्हनाव आवर. तिचं आवरनं म्हंजे वरात काढनं हाय."

तो रस्त्याकडे गेला. रागिणी खुर्चीवरून उठली.  तिनं चूल पेटल्याचा, भाकरी थापल्याचा आवाज ऐकला. वाटेसाठी दशम्या चालल्या होत्या. वेदांत तिच्याकडे पाठ करून चपलेचा पट्टा ओढत होता.

"वेदांत," तिनं हाक मारली.

पट्टा ओढणं चालूच राहिलं. त्यात नवल नव्हतं, खेळात असला की तो कधीच बघायचा नाही. तिनं ओठ ओले केले. पुढचा शब्द तिनं इतक्या हळू उच्चारला की तिचा तिलाच नीट ऐकू आला नाही.

"मल्हार."

चप्पल खाली पडली. लेकरू ताडकन उठलं, हसलं, आणि रागिणीकडे न बघता, तिच्या साडीला घासून, दुडूदुडू धावत आत स्वयंपाकघराकडे गेलं.

भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. रागिणी काउंटरखाली वाकली. पिशवीची चेन उघडून तिनं कानटोपडं काढलं, मग झबली, मग दुधाची बाटली, एकेक काउंटरवर ठेवत गेली.

दारात राजनंदिनी उभी होती. हात पिठाचे, कडेवर पोरगं, तिच्या खांद्यात तोंड खुपसलेलं.

"याला हाक कोनी मारली?" तिनं विचारलं.