भट्टीशेजारचा पाऊस

पाऊस आंबट पडतो म्हणून अख्खं छोंगछिंग शहर शहाऐंशी साली बोटं मोडत होतं. शूचनला मात्र तो आणखी आंबट हवा होता.

ती नदीच्या अलीकडच्या गच्चीवर पाऊस धरायची, यूलान पलीकडच्या टेकडीवर. थेंब आला की बादलीचं झाकण काढायचं, उघडीप झाली की लावायचं, बाटली कचेरीत न्यायची. काम दोघींचं एकच. पण पीएचचा आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त, आणि यूलानचा आकडा चारच्या खाली, शूचनचा सहाच्या आसपास. पेइचिंगचे प्राध्यापक यूलानकडे चहा पिऊन, फोटो काढून गेले. शूचनच्या गच्चीची पायरीही कोणी चढलं नाही.

आता दोघींतल्या एकीला, जिचा पाऊस जास्त खराब ठरेल तिला, शिकायला पेइचिंगला पाठवायचं होतं.

"तुझा पाऊस म्हणजे प्यायचं पाणी गं," कचेरीचे प्रमुख थानसाहेब हसले. शूचनच्या अंगाचा तिळपापड झाला. शुक्रवारच्या बाटलीत तिनं नूडल्सवर घालायचा व्हिनेगर चमचाभर ओतला. आकडा आला साडेतीन.

शनिवारी यूलाननं सगळ्यांसमोर काचनळ्या मांडल्या.

"साहेब, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. हिच्या गच्चीमागे चुन्याची भट्टी आहे. चुन्याची धूळ आम्ल मारते, पण कोळशाच्या धुरातलं गंधक पाण्यात उरतंच. हे बघा."

तिनं दोघींच्या जुन्या पावसात, गंधक असेल तितकं पाणी पांढरं करणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. तिचं पाणी जरासं गढुळलं. शूचनचं दुधासारखं पांढरं झालं.

"शहरातला सगळ्यात घाण पाऊस हिचा. माझ्यापेक्षा हिलाच पाठवा."

"शुक्रवारची बाटली तेवढी तपास," थानसाहेब म्हणाले, "म्हणजे आजच नाव कळवतो."

शूचनच्या तोंडचं पाणी पळालं. यूलाननं बूच काढलं, नाकाशी नेलं आणि थांबली. तिनं शूचनकडे एकदाच पाहिलं, बूच परत लावलं.

"यात कचरा पडलाय, साहेब. ही धरू नका."

थानसाहेबांनी मान डोलावली आणि कागदावर शूचनचं नाव लिहिलं. सगळे अभिनंदन करत होते. शूचन हसत होती, आणि आतून जळत होती. आकड्याचा हेवा कधीतरी विरला असता. यूलानच्या या चांगुलपणाचा हेवा ती पेइचिंगपर्यंत बरोबर घेऊन जाणार होती.