बॅटिंगला येतानाचं गाणं

समरला ते गाणं वाजवू द्यायचं नाही, आणि का वाजवायचं नाही हे त्याला सांगायचंही नाही. त्या रविवारी माझ्यावर ही दुहेरी कामगिरी होती आणि ती सोपवली होती माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने, दात घासता घासता, तोंडात फेस असताना.

"श्व्योर," शर्वाणी म्हणाली. म्हणजे शपथ घे. ती आमचं मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, हे आता आमच्या घरात कुणाला विशेष वाटत नाही.

"घेतली गं बाई. आता चूळ भर."

शर्वाणी हॅनोव्हरमधल्या आमच्या भागातल्या बेसबॉल क्लबात खेळते. जर्मनीत बेसबॉल कोण खेळतं, असं मला खुद्द जर्मनच विचारतात. उत्तर सोपं आहे: ज्याचा बाप जळगावचा आहे तो. माझे सासरे दत्ता सर तिथल्या शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांनी केळीच्या गावात बेसबॉलची टीम उभी केली आणि स्वतःच्या मुलाला, म्हणजे समरला, सेकंड बेसवर. मी अमरावतीची, म्हणजे शत्रुपक्षातली. आमच्या लग्नात, अक्षता पडून अर्धा तास झाला नव्हता तेव्हा, माझे काका आणि माझे सासरे जुन्या कुठल्याशा आंतरजिल्हा फायनलमधल्या एका आउटवरून मांडवातच भिडले होते. फोटोग्राफरने ते फोटो अल्बममध्ये लावलेत. त्यामुळे इथे क्लब सापडल्यावर समरने नाव नोंदवायच्या आधी मला विचारलं, असं म्हणता येणार नाही.

मे महिन्यात एक चेंडू शर्वाणीच्या दंडावर बसला. डाग आधी निळा, मग जांभळा, मग पिवळा झाला. मी रोज सकाळी त्याचा फोटो काढायचे. समर म्हणाला, "खेळात लागतंच." पण डाग गेला तरी एक गोष्ट राहिली. समोरच्याने चेंडू टाकायला हात मागे नेला की हिचा मागचा पाय हळूच बाहेर सरकायचा, पळायच्या तयारीत. कोचला दिसलं नाही, समरला दिसलं नाही. मला दिसलं, कारण मला तेवढंच दिसत असतं. एकदा तिचे केस धुताना विचारलं तेव्हा रडली. भीती वाटते म्हणाली. सीझन संपला की सोडणार, आणि शेवटच्या मॅचनंतर पपाला स्वतःच सांगणार. तोपर्यंत मी एक अक्षर बोलायचं नाही. पपा ते लगेच जळगावच्या आजोबांना सांगेल आणि आजोबा शाळेतल्या सगळ्या सरांना.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दर शनिवार-रविवारी मैदानाच्या कडेला बसून एकेक चेंडू मोजणं आता कायमचं संपणार होतं. फक्त ही एक मॅच तोंड मिटून काढायची.

आणि मग समरने गाण्याचं काढलं.

बेसबॉलमध्ये अशी पद्धत आहे की खेळाडू बॅटिंगला निघाला की स्पीकरवर त्याचं स्वतःचं गाणं वाजतं, दहा-बारा सेकंद. आमच्या क्लबने शेवटच्या मॅचला मुलांसाठीही ते करायचं ठरवलं. दुसरी पद्धत खास जर्मन क्लबांची: प्रत्येक कुटुंबाने वर्षातून काही तास क्लबसाठी राबायचं. गवत कापा, बाकं रंगवा, केक आणा. समरने वर्षभर काहीही केलं नव्हतं. "म्युझिक मी बघतो" म्हणून त्याने हात वर केला तेव्हा कोच योर्नला कृतज्ञता वाटली आणि मी कपाळाला हात लावला.

कारण मी 'रस्ता बंद'ला ओळखते. 'रस्ता बंद' हा पुण्यातल्या चार केसाळ मुलांचा रॉक बँड, आता त्यांतले दोघे बँकेत आहेत. समर त्यांचा भक्त. त्यांचा एक टी-शर्ट आहे, काळा होता, आता मुंगूस रंगाचा झालाय, तो मला मशीनमध्ये इतर कपड्यांबरोबर टाकायची परवानगी नाही. आणि एक कॉन्सर्ट आहे, जी समर हॅनोव्हरच्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक बार्बेक्यूला सांगतो. कॉलेजचं ग्राउंड, ऐन गाण्यात लाइट गेले, माइक बंद, आणि गायक तसाच गात राहिला. तीन हजार पोरं त्याच्याबरोबर गायली. इथे समरचे डोळे पाणावतात.

त्या कॉन्सर्टला मीही होते. जनरेटरचं डिझेल संपलं होतं. पोरं गात नव्हती, आयोजकांच्या आईबहिणीचा उद्धार करत होती. गायक अर्धं कडवं गायला आणि पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. आणि समरचा जिवलग मित्र गौरांग माझ्या ओढणीवर ओकला. पण हे कुणी ऐकत नाही. आठवणीचा सातबारा समरच्या नावावर आहे.

तर शर्वाणीने तिच्या गाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं: काही नको. गाणं लागलं की सगळे माझ्याकडे बघतात, असं तिने मला सांगितलं होतं. समरला तो अपमान वाटला. गाण्याचा, जळगावचा, त्याचा. "बाकीच्या पोरांना गाणं आणि माझ्या पोरीला सायलेन्स? मी 'रस्ता बंद'च्या त्या गाण्याची सुरुवात लावतो. ती गिटार! बघ, सरप्राइज होईल तिला."

"समर, तिने नको लिहिलंय."

"लाजते गं ती."

"मग लाजू दे ना!"

"आल्झो, हे बघ देवू, तू कशालाच हो म्हणत नाहीस."

हे सगळं शनिवारी, आणि आतल्या खोलीत शर्वाणीला ते ऐकू गेलंच. रविवारी मैदानात मी केकचा डबा टेबलावर ठेवला, केकवर पन्नीचं झाकण नीट बसलंय ना ते दोनदा बघितलं, मधमाश्या कुठे आहेत ते बघितलं, आणि तडक समरच्या टपरीत गेले. टपरी म्हणजे लाकडी खोकं, वर पत्रा, समोर खिडकी. आत लॅपटॉप, माइक, आणि स्टँडवर समरचा फोन. फोनमध्ये दत्ता सर, जळगावहून, बनियनवर.

"काय भो, पोरगी कुठाय? मला नुसतं गवत दिसतंय."

"अहो बाबा, ती आत बसलीये, अजून बॅटिंग आली नाही तिची," मी म्हटलं.

"तिला सांग, नजर चेंडूवर. डोळा हलला की मॅच गेली."

"सांगते, बाबा."

मुलांची नावं पुकारणाऱ्या फ्राऊ केलर माइक समरकडे देऊन कॉफी आणायला गेल्या. मैदानावर एक सोनेरी केसांचा मुलगा कुठल्याशा ढोलबडव गाण्यावर बॅटिंगला निघाला, सगळे आईबाप टाळ्या वाजवत होते. त्याच्यानंतर शर्वाणी. ती कडेला हेल्मेट घालून उभी होती, बॅट पोटाशी धरून, छत्री धरावी तशी.

"समर, ऐक. शेवटचं सांगते. लावू नकोस."

"अगं, कारण तरी सांग."

"कारण नाही."

"कारण नाही तर मग लावतो."

इथे आमची एक सवय सांगायला हवी. परदेशातल्या सगळ्याच मराठी माणसांना ती लागते. चार लोकांत मोकळेपणी मराठीत बोलायचं. ट्राममध्ये समोरच्याच्या केशरचनेवर, डॉक्टरकडे डॉक्टरवर, पालकसभेत बाईंवर. आवाज खाली आणायचीही गरज वाटत नाही. मराठी म्हणजे आमची भिंत आहे, तिच्या आड काहीही करावं.

सोनेरी मुलगा आउट झाला. समरने बोट बटणावर नेलं आणि माझा तोल गेला.

"अरे, घाबरते ती! कळतंय का तुला? मेमध्ये चेंडू लागल्यापासून घाबरते! पाय बघ तिचा, प्रत्येक चेंडूला पळायला बघतो! तिला खेळायचंच नाहीये, सोडणार आहे ती, आजची शेवटची मॅच! तुला सांगायची भीती वाटते तिला, कारण तू जाऊन बाबांना सांगणार आणि बाबा अख्ख्या जळगावला! आणि तू तिथे ती भंगार गिटार लावून शंभर लोकांना म्हणतोयस, बघा, बघा माझ्या पोरीकडे!"

समरचं बोट बटणावरच राहिलं. मी दम घ्यायला थांबले तर 'पोरीकडे' हा शब्द मला समोरच्या झाडांकडून परत ऐकू आला.

मैदान शांत होतं. आईबाप आमच्या खोक्याकडे बघून प्रेमळ हसत होते. मागून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, त्यांना वाटलं हेच हिचं गाणं, भारतीय काहीतरी, तालात म्हटलेलं. शंभर माणसांत मराठी कळणारं माणूस एकच होतं आणि ते मैदानाच्या मधोमध हेल्मेट घालून उभं होतं.

शर्वाणी चालत खिडकीपाशी आली. हेल्मेटच्या जाळीतून तिचे डोळे मला दिसले. रडत नव्हती. रडली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं.

"आई," ती म्हणाली, "दास मिक्रो इस्ट आन."

माइक चालू आहे. समरने झडप घालून तो बंद केला. मी, जी इस्त्री बंद केली का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत जाते, तिनेच कोपराजवळचा माइक बघितला नव्हता.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. त्यांना आम्ही विसरलोच होतो.

"घाबरते? मग त्यात काय? दगड फेकल्यासारखा येतो तो अंगावर, घाबरू नये तर काय करावं!" दत्ता सर कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले होते की नुसती मिशी दिसत होती. "अरे समऱ्या, तूही घाबरायचा. चड्डीत—"

"बाबा!"

"—राहू दे. पोरीला चेंडू टाकायला लाव. पिचर कर तिला. म्हणजे घाबरायचं काम समोरच्याकडे."

"अहो बाबा, कृपा करून थांबा," मी म्हटलं. पिचर म्हणजे सगळ्यांत पुढे, उघडी, फटका मारला की चेंडू सरळ तिच्याकडे. हे मी मे महिन्यातच वाचून ठेवलं होतं.

शर्वाणीने फोनकडे बघितलं. मग समरकडे. माझ्याकडे नाही. पंचांनी हाक मारली आणि ती वळून गेली.

गाणं वाजलं नाही. पहिल्या चेंडूला पाय बाहेर. दुसऱ्या चेंडूला पाय बाहेर आणि डोळे मिटलेले, मला इथून दिसत होतं. तिसऱ्याला पाय हलला नाही. बॅट मात्र चेंडू मागच्या मुलाच्या हातात जाऊन पोचल्यावर फिरली. तीन चेंडू हुकले की संपलं. आउट. आईबापांनी भरपूर टाळ्या वाजवल्या, इथे हरणाऱ्यालाही वाजवतात.

"हलला नाही पाय," समर म्हणाला. मग माझ्याकडे वळला: "तुला मेपासून माहीत होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"आत्ता सांगितलं ना मी? स्पीकरवर? अजून कसं सांगू?"

तो टी-शर्टची कड ओढत बसला. माझ्या मनात आलं, आता हाही रुसणार. इतक्या महिन्यांत डाग मी बघितला, पाय मी बघितला, रडणं मी पुसलं, आणि एका दुपारी दोघांचीही गुन्हेगार मीच. लॅपटॉपवर त्याने गिटारचं ते गाणं यादीतून काढून टाकलं. मला दिसेल असं काढलं. मी आभार मानले नाहीत.

मॅच संपल्यावर शर्वाणी माझा केक सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा केक घेऊन आली आणि समरजवळ बसली. दोघं हळू बोलत होते. मी जवळ गेले की थांबायचे.

"शर्वाणी, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं माइक चालू आहे."

तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं ते असं की, चालू नसता तरी तू पपाला सांगितलंच असतंस. शपथ माइकची नव्हती.

माझ्याकडे एरवी प्रत्येक गोष्टीला एक 'पण' असतो. आज तो मी गिळला.

"सोडणार आहेस ना?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

तिने खांदे उडवले. मग समरच्या पिशवीतून चेंडू काढला. आजोबा म्हणाले तसं टाकून बघायचंय, म्हणाली. समर टुणकन उठला, ग्लोव्ह चढवायला लागला, तोंडावर असा आनंद की मला त्याला चिमटा काढावासा वाटला. सोडणार होती! दोन तासांपूर्वी सोडणार होती!

"नाइन," शर्वाणी त्याला म्हणाली. तू नाही. ग्लोव्ह त्याच्या हातातून काढून तिने माझ्यासमोर धरला. "दू." म्हणजे तू.

"मी? अगं, मला कुठे येतं?"

ती वाट बघत उभी राहिली. ग्लोव्ह आत ओलसर होता, समरच्या घामाचा. मी दूर जाऊन उभी राहिले, तरी ती हाताने आणखी मागे, आणखी मागे, अशी खूण करत राहिली. फ्राऊ केलर कॉफी घेऊन बघायला थांबल्या. समरने फोन उचलून आमच्याकडे वळवला. "अमरावती, गुडघे वाकव!" जळगावहून ओरडा आला.

तिने हात मागे नेला. मी डोळे मिटले. माझा पाय आपोआप बाहेर सरकला. चेंडू माझ्या मनगटाच्या हाडावर बसला आणि खाली पडला. डोळ्यांत पाणी आलं, इतका लागला. नऊ वर्षांच्या हाताचा चेंडू इतका लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फोटोत ते दिसलंच नव्हतं.

"लागलं?" समर पळत आला.

"काही नाही."

शर्वाणी चेंडू घ्यायला जवळ आली. माझ्या मनगटाकडे तिने नीट बघितलं, मी तिच्या दंडाकडे बघायचे तसं. सॉरी म्हणाली नाही.

"नोख माल?" तिने विचारलं. पुन्हा?

मनगट ठणकत होतं, ट्राम चुकणार होती, केकवर एक मधमाशी बसली होती.

"टाक," मी म्हटलं आणि ग्लोव्ह वर केला.