बाळीअक्काचा तांब्या

या, असे पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलेल्याचं अर्धं ध्यान भिंतीतच राहतं, असं आमचे बुवा म्हणतात. सुपारी तोंडात असू दे, पण कान इकडं द्या. एक आख्यान सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही. एक म्हातारी आहे, तिचा तांब्या आहे आणि मी आहे. मी यात चांगला वागलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी झिलू, कुंभारवाड्याकडचा. घरची भातशेती. पण सप्ताह गुंद गावाला असो की बाजारकुणंगला, टाळ घेऊन मी बुवांच्या मागं उभा. तीस वर्षं झाली. तहानलेल्याला पाजलेलं पाणी थेट देवाच्या मुखात पडतं, हे निरूपण बुवांनी लावलं की माझे डोळे भरलेच. बायका मागून कुजबुजायच्या, "झिलूचा नळ सुटला बघ." सुटायचाच. मला वाटायचं, बुवा म्हणतात ते मला समजलं आहे.

बाळीअक्का माझ्या शेजारची. तिचं पहिलं गाव धरणाखाली गेलं, त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. वैशाखात धरणाचं पाणी खाली उतरतं तेव्हा ते गाव वर येतं. गाव म्हणजे काय, भेगाळलेला चिखल, फणसाची काळी खोडं आणि कुठं कुठं जोत्याचे दगड. अक्काच्या घराचं जोतंसुद्धा राहिलं नव्हतं. राहिले होते ते तुळशीकट्ट्याचे तीन चिरे. त्या चिऱ्यांच्या पायथ्याशी तिची पहिली मुलगी पुरलेली. नऊ दिवसांची होऊन गेली. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं, ते राहिलंच.

दर वैशाखात एक दिवस अक्का सकाळी आपल्या परसातल्या विहिरीचं पाणी तांब्यात भरायची, वर तुळशीचं पान टाकायची आणि चालत निघायची. दीड तासाची वाट, तिकडं बस कसली? वाटेत तांब्या भुईवर टेकवायचा नाही, असा तिचा नेम. या हातातून त्या हातात घ्यायचा. मी एकदा म्हटलं होतं, "अक्का, वरीसभर तुजी पोर पाण्यातच आसती की. आनी पानी कशाला?"

ती म्हणाली, "ते धरणाचं पानी रे झिल्या. घरचं न्हवं."

आणि गेल्या वर्षी, वैशाखातच, बेळगावकडून सिनेमावाले आले.

किरण म्हणून तिशीतला दिग्दर्शक. डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र गोड. गाडी बंद पडून वाळवंटात अडकलेली चार माणसं, पाणी संपतं आणि एकेक करून ती मरतात, असा सिनेमा. खऱ्या वाळवंटात जायची ऐपत नाही, म्हणून हे आमच्या जोयड्याच्या जंगलात वाळवंट शोधत आलेले! धरणाचं उघडं पडलेलं पात्र बघून मात्र खूश झाले. दोन टेंपो वाळू आणून भेगांवर पसरली. कॅमेऱ्याला एकच दिशा मोकळी होती. जरा डावीकडं वळला की वाळवंटात सागाची झाडं उभी. एकदा माणूस तहानेनं तडफडतोय आणि मागून मोर केकाटला. किरण डोक्याला हात लावून खाली बसला. "काका, त्याला गप्प करा हो." मी म्हटलं, "त्याला शिट्टी समजत नाही, साहेब."

हो, शिट्टी. त्यांनी मला शिट्टी दिली होती, आणि टोपी. गुरं, माणसं कॅमेऱ्यात येऊ द्यायची नाहीत, हे माझं काम. पंचावन्न वर्षांत मला कुणी 'झिलूकाका' म्हणून खुर्ची दिली नव्हती. यांनी दिली. ती खुर्ची मला चढली.

पहिल्याच दिवशी किरणनं ते तीन चिरे पाहिले. "काका, हे मध्ये दिसतंय. कुणाचं काही आहे का इथं? असेल तर सांगा, आम्ही पलीकडं सरकतो."

देवाशपथ सांगतो, हेच त्याचे शब्द. आणि मी म्हटलं, "कुणाचं काय नाही. धोंडे हायत, हलवतो की."

पलीकडं सरकले असते तर दुसऱ्या वाडीची हद्द लागली असती, आणि शिट्टी तिथल्या कुणाकडं गेली असती. एवढंच कारण होतं. दुसरं काही मी कितीही शोधलं तरी सापडत नाही.

वाडीतल्या नागूला मदतीला बोलावलं. चिरे उचलताना तो म्हणाला, "अरं, हे बाळीअक्काचं न्हवं?"

"शूटिंग झालं की परत ठेवू. धोंड्यास्नी काय पाय हायत?"

"मग खुंटी तरी मार खुणंला."

"खुंटी दिसंल की क्यामेऱ्यात."

"मोठा सायेब झालास," नागू म्हणाला. चिरे आम्ही काठावर करवंदीच्या जाळीत नेऊन ठेवले. वरून वाळू पसरली. संध्याकाळी मला स्वतःलासुद्धा जागा ओळखता येईना, पण ते मी मनावर घेतलं नाही.

नवव्या दिवशी मोठा शॉट होता. रोहन नावाचा नट, त्याच्या ओठांवर मैदा आणि डिंक लावून भेगा काढलेल्या. तो सरपटत येतो, पाणी मागतो आणि मरतो. दुपारचे बारा. किरणनं त्याला सकाळपासून पाणी दिलं नव्हतं, चेहरा खरा दिसावा म्हणून. सगळे रोहनकडं बघत होते. मीही. राखणीला बसवलेला माणूस तमाशा बघत उभा.

"पाणी..." रोहन म्हणाला. "कुणीतरी पाणी द्या..." असा आवाज काढला की माझे डोळे भरले. माझे काय, भरतातच.

आणि लांबून, त्या मोकळ्या दिशेनं, बाळीअक्का चालत येत होती. डोक्यावर पदर, हातात तांब्या. ती सरळ आपल्या चिऱ्यांच्या रोखानं चालली होती, इकडंतिकडं न बघता. एका काळ्या खोडापाशी आली, तेव्हा तिला हाक ऐकू गेली. ती थांबली आणि वळली. म्हातारी चक्क धावली हो! रोहनच्या डोक्याशी बसली, त्याची मान मांडीवर घेतली आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला. "पी रे माझ्या राजा. हळू, हळू."

तो प्यायला. नाटक नव्हतं ते. घटाघटा प्यायला, सगळा तांब्या. ओठांवरचा मैदा धुऊन गेला.

"कट!" किरण ओरडला. "अहो काका! काका, काय हे!"

आणि मी धावलो. आता ऐका, मी काय म्हटलं ते. लाज वाटते, पण सांगतो.

"अक्का, डोळं फुटलं काय तुजं? म्हातारचळ लागला? शूटिंग चाललंय दिसत न्हाई? एवड्या मान्सांची मेहनत मातीत घातलीस!"

ती माझ्याकडं बघत राहिली. "मागितलं रे त्येनं."

"नाटक हाय ते!"

"नाटक आसंल. पन मागितलं न्हवं?"

तीस वर्षं टाळ वाजवलेला मी टोपी सारखी करत किरणकडं बघू लागलो.

तिनं तांब्यात डोकावलं. तुळशीचं पान तळाला चिकटलं होतं. "आता पोरीला काय घालू?" हे ती मला म्हणाली नाही, तांब्यालाच म्हणाली. रोहन बिचारा बाटली घेऊन आला, "आजी, हे घ्या." तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "विहिरीचं लागतं बाबा. ऱ्हाऊ दे." मग मला म्हणाली, "पानी न्हाई तर न्हाई. नुसतं हात लावून येतो चिऱ्यास्नी."

तिथं चिरे नव्हते. हे मला माहीत होतं, नागूला माहीत होतं. मी तिच्या आडवा उभा राहिलो. "आता न्हाई अक्का. आठ दिसांनी ये. शूटिंग संपू दे."

"आठ दिस पानी खाली ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल," मी म्हटलं. जणू धरणाची चावी माझ्या कंबरेला होती.

ती गेली. वाळूत तिची पावलं उमटली होती, ती मी फांदीनं पुसली. कामच होतं माझं.

चारच दिवसांत घाटावर जोराचा पाऊस लागला. सिनेमावाले घाईनं सामान आवरून गेले. सहाव्या दिवशी पाण्यानं वाळू झाकली. चिरे जाळीतच राहिले. एकदा अक्का कुंपणावरून एवढंच म्हणाली, "फुडल्या वर्सी दोन तांबे नेईन. एक वाटंवर मागनाऱ्याला." मी हसलो, तीही हसली. चिऱ्यांचं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण तिची सून पूर्णिमा बाहेर आली, आणि राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

भाद्रपदात अक्काला ताप भरला. पाचव्या दिवशी गेली.

सिनेमा माघात आला, मोबाइलवरच. पूर्णिमानं हाक मारली, "झिलूमामा, या, आत्याबाई दिसतात म्हणं." परत शॉट घ्यायला त्यांच्याकडं ना दिवस होते ना वाळू, म्हणून तोच ठेवलेला. रोहन सरपटतोय, पाणी मागतोय. लांबून उन्हाच्या लाटांतून एक म्हातारी तांब्या घेऊन येतेय. ती खोडापाशी थांबते, वळते, आणि तिथंच चित्र कापलेलं. पुढच्या चित्रात नुसती वाळू आणि मेलेला रोहन. म्हणजे काय, तर मरणाऱ्याला भास झाला होता. मृगजळ. किरणनं फोनवर सांगितलं, "काका, सगळ्यांना तोच शॉट आवडला बघा. आजींना सांगा." मी म्हटलं, "सांगतो."

पूर्णिमानं मला विचारलं, "मामा, आत्याबाईंनी पानी दिलं न्हाई व्हय त्येला?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी सगळं सांगितलं. चिऱ्यांसकट. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाइल बंद केला आणि विहिरीकडं तोंड करून बसली.

यंदाच्या वैशाखात पात्र उघडं पडलं तेव्हा नागू आणि मी चिरे घेऊन उतरलो. पूर्णिमा तांब्या घेऊन मागं. जागा कुणालाच सांगता येईना. मग मी तिचा मोबाइल मागून घेतला आणि तो शॉट लावला. मागचा डोंगर जुळवला, काळं खोड जुळवलं. अक्का चालत येते ती रेघ सापडली. सरळ रेघ, बाण सोडल्यासारखी. पण खोडापाशी ती वळते. पुढं अजून दहा पावलं होती की पन्नास, ते त्या चित्रात नाही. वळली नसती तर आम्हाला जागा कळली असती. दहा वेळा तो शॉट लावला, दहाही वेळा ती वळली.

शेवटी चिरे अंदाजानं मांडले. नागू म्हणाला, "हितंच आसंल." त्यालाही माहीत नव्हतं. पूर्णिमानं तांब्या माझ्या हातात दिला. खोडापासून त्या रेघेवर मी थेंब थेंब पाणी टाकत गेलो, की कुठंतरी एक थेंब त्या पोरीला पोचेल. पाणी चिऱ्यांच्या आधीच संपलं. पान तेवढं चिऱ्यांवर ठेवलं.

आख्यान इथं थांबतं, मंडळी. टाळ आता माझ्या हातात जड होतात, पण वाजवतो. एकच मागणं आहे. तो सिनेमा तुमच्यापैकी कुणी पाहिलाच, तर शेजारी बसलेल्याला सांगा, ती म्हातारी भास नव्हती. तिनं पाणी पाजलं होतं, आणि तो ते प्यायला होता. आणि दारात कुणी पाणी मागितलं, की तांब्या पुढं करताना बाळीअक्काची आठवण काढा. तिच्या पोरीला नाव नव्हतं. तिचीही काढा.