लाल धाग्याच्या चादरी

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात चादरींच्या दोन जाती होत्या. कोपऱ्यात लाल धाग्याचे चार टाके असलेल्या चादरी खासगी खोल्यांच्या, बिनधाग्याच्या सार्वजनिक वॉर्डांच्या. नवी चादर आली की आधी तिला लाल धागा चढायचा. दीड-दोन वर्षं ती खासगी खोल्यांत नांदायची आणि विटली, विरली, ठिगळाला आली की धागा कापून तिची रवानगी वॉर्डात व्हायची. म्हणजे वॉर्डातल्या माणसाच्या पाठीखाली चादर यायची ती कुणा साहेबाच्या पाठीखाली झिजूनच. ही पद्धत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला सवड कुणाला होती?

धागा कापायचं काम घडीकाकूंचं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. एकवीस वर्षं त्या चादरींच्या घड्या घालत होत्या, म्हणून घडीकाकू. सकाळी वॉर्डात माणसं कमी पडत, तेव्हा गाडी ढकलत वर जाऊन बायकांच्या वॉर्डातल्या चादरी बदलायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात त्या आणि सासूबाई, आणि दोघींचं पोट या घड्यांवर.

एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला नवे पाळकसाहेब म्हणाले, “देवाचं राज्य येईल तेव्हा येईल म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. ज्याचा हात जिथवर पोचतो, तिथवर ते आजच आणा.” पुढच्या बाकावर धुलाईखान्याचे मुकादम बसत. सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ त्यांनीच म्हटलं. मग सगळी मंडळी चहाला गेली, आणि चहात राज्याचा विषय विरघळून गेला. घडीकाकूंची पंचाईत अशी, की त्यांना लोकांचं बोलणं खरं वाटायचं. आपला हात कुठवर पोचतो, याचा त्यांनी घरी जाईपर्यंत विचार केला. उत्तर फार लांब नव्हतं. तो धुलाईखान्यातल्या दोन फळ्यांवर पोचत होता, एक लाल धाग्याच्या चादरींची, एक बिनधाग्याच्या.

दुसऱ्या दिवसापासून घडीला येणाऱ्या प्रत्येक चादरीचा धागा त्या कापू लागल्या. कोरी असो, जुनी असो. तीन आठवड्यांत धुलाईखान्यात लाल धागा औषधालाही उरला नाही. दोन फळ्यांवरच्या चादरी एकाच ढिगात गेल्या, आणि ढिगाला काकूंनी एकच नियम लावला. वरची चादर ज्याचा नंबर त्याची. निवडायचं नाही. निवडायला लागलं की आपण देव झालो आणि ती जागा आधीच भरलेली आहे, असा त्यांचा साधा हिशोब.

वॉर्डात एका म्हातारीला कोरी चादर आली. आपल्याला चुकून आली असं समजून तिने चार दिवस ती धुवायलाच दिली नाही, उशाखाली दडवून ठेवली. काकूंना त्या दिवशी काम करताना गाणं सुचत होतं. पण वर सात नंबरच्या खासगी खोलीतल्या गृहस्थांना ठिगळाची चादर गेली, आणि त्यांनी इस्पितळ डोक्यावर घेतलं.

मुकादम तणतणत खाली आले. धागे गायब झाल्याचं त्यांना तेव्हा कळलं. “कात्री काय, सगळ्यांच्याच हाताशी असते. पण हे वेडेपणाने कुणी करत नसतं,” ते सगळ्यांना म्हणाले. “कुणाचं तरी आपलं माणूस वॉर्डात पडलंय, त्याच्यासाठी ही लबाडी. उद्या सकाळी मी स्वतः फिरणार. ज्याच्या माणसाखाली कोरी चादर दिसेल, त्याने परत तोंड दाखवायचं नाही.” मुकादम वाईट नव्हते. देवाच्या राज्याला त्यांची हरकत नव्हती, फक्त ते धुलाईखान्यात आलेलं त्यांना चाललं नसतं.

आता गोष्ट अशी, की घडीकाकूंचं आपलं माणूस वॉर्डातच होतं. धागे कापायला सुरुवात करून आठवडा होतो न होतो तोच सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून अकरा नंबरच्या खाटेवर येऊन पडल्या. पडून पडून पाठीवर जखम झाली होती. जीभ मात्र शाबूत होती.

सकाळी काकूंनी गाडी वर आणली. तीन नंबरच्या खाटेवर धुलाईखान्यातल्या इस्त्रीवाल्याची बहीण होती, तिला कोरी चादर गेली. एकेक करत काकू अकराशी आल्या. ढिगातली वरची चादर त्यांनी पाहिली. तीन ठिगळं, आणि मधलं ठिगळ जाड कापडाचं, बरोबर पाठ येईल तिथे. त्याच्याखालची चादर कोरी होती, सायीसारखी. ती जाणार होती बारा नंबरला. बारा नंबरची बाई गुंगीत होती, तिला भेटायलाही कुणी येत नव्हतं. दोन चादरींची फक्त अदलाबदल करायची होती. बाराला पत्ता लागला नसता.

काकूंचा हात वरच्या चादरीवर थांबला. मुकादमांची भीती होतीच, पण हात थांबला तो त्या भीतीने नाही. ती पाठ त्या रोज पुसत होत्या, जखम केवढी आहे ते त्यांना माहीत होतं. मग त्यांनी ठिगळाची चादर उचलली आणि सासूबाईंना कुशीवर वळवून ती अंथरली.

“वा!” सासूबाई म्हणाल्या. “सून धुलाईत, आणि माझ्या वाट्याला हे लक्तर!”

काकूंनी चादरीच्या सुरकुत्या तेवढ्या सारख्या केल्या. बाराच्या बाईखाली कोरी चादर घालून त्या वळल्या, तोच दारात आवाज चढला. मुकादमांनी तीन नंबरची चादर पाहिली होती आणि इस्त्रीवाल्याला बोलावून घेतलं होतं.

“शप्पथ, मी हात नाही लावला,” इस्त्रीवाला म्हणत होता. घाबरून त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मुकादम त्याला तसाच सोडून अकराशी आले. ठिगळं पाहून त्यांचा आवाज खाली आला. “काकू, तुमच्यावरही संशय होता माझा. माफ करा. चोर सापडला.”

सगळं तिथेच संपलं असतं. काकूंची नोकरी शाबूत होती, त्यांना नुसती मान डोलवायची होती. पण इस्त्रीवाल्याची बहीण अंगाखालची चादर उपसून काढायला लागली होती. कण्हत, एका हाताने.

“राहू दे गं ती,” काकू म्हणाल्या. “मुकादम, धागे मी कापले. सगळे.”

“उगाच दुसऱ्याचं अंगावर घेऊ नका.”

“माझंच आहे. वरची चादर ज्याचा नंबर त्याची, एवढंच केलं मी. त्या रविवारी सांगितलं होतं ना, हात पोचतो तिथवर. तुम्हीपण आमेन म्हणालात.”

मुकादम चिडले. “तुम्हीच कापले म्हणता, तर स्वतःच्या सासूला हे कशाला घातलंत? असा मूर्ख कोण असतो?”

“ती आहे मूर्ख,” खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. “बावीस वर्षं मी तेच सांगतेय, कुणी ऐकत नाही. पण खोटं नाही बोलत ती. गेल्या खेपेला मला कोरी होती, आज ही. नंबर माझा होता.”

मुकादमांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “उद्यापासून येऊ नका, काकू,” ते अखेर म्हणाले आणि इस्त्रीवाल्याकडे न बघताच निघून गेले.

घडीकाकू खाटेच्या कडेला बसल्या. उद्याचं काय, हा विचार आत्ता कुठे त्यांच्यापर्यंत पोचत होता, आणि त्यांना रडू येत होतं.

“हात थांबला होता तुझा,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “मी बघत होते.”

“हो.”

“बराच वेळ थांबला होता.”

“हो, आई.”

सासूबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या कण्हल्या. “मधलं ठिगळ टोचतंय गं.”

काकूंनी चादर बदलली नाही. त्या वाकल्या, आणि ठिगळ आणि जखम यांच्यामध्ये आपला तळहात सरकवला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, तरी त्यांनी तो काढला नाही.