मनू, चहा झाकून ठेव

नांदेडच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या मनस्विनीला लातूरच्या एका क्लासनं भाषणाला बोलावलं. विषय होता, इंटरनेटवरून दुसऱ्याचं साहित्य न विचारता पुढं पाठवू नये. वडील जाऊन चारच महिने झाले होते; तरी ती गेली.

क्लासचे मालक मल्लिकार्जुन सर यांनी आधी चारशे पोरांना शपथ दिली. शपथ दुसऱ्या क्लासच्या वेबसाइटवरून उतरवलेली. खाली त्या क्लासचा फोन नंबर तसाच राहिला होता. पोरांनी तोही एका सुरात म्हटला.

मग शाल, नारळ आणि क्लासच्या नोट्स देऊन सत्कार झाला. मनस्विनीनं नोट्स उघडल्या. आत वडिलांचं अक्षर होतं. पानोपानी क्लासचा शिक्का आणि आडवी ताकीद: नक्कल करणे गुन्हा आहे. वडिलांचं नाव कुठंच नव्हतं.

एक्केचाळिसाव्या पानावर, उष्णतेच्या प्रकरणात, समासात लिहिलं होतं, 'मनू, चहा झाकून ठेव.'

भूकंपाच्या साली सगळे अंगणात ताडपत्रीखाली राहायचे. तिथं वडील ही वही लिहीत. लिहिताना बोलत नसत. समासात लिहून वही तिच्यापुढं सरकवत.

ती माइकपाशी गेली. "एक्केचाळीस पान. समासात काय आहे?"

"मनू, चहा झाकून ठेव!" चारशे आवाज.

"म्हणजे काय?"

पुढच्या बाकावरची मुरुडची आरती उठली. "म्याडम, झाकलं की बाष्पीभवन कमी होतंय. लई महत्त्वाचं हाय, सरांनी चौकट करायला लावली."

"मनू मीच. वही माझ्या वडिलांची, उद्धव देशमाने सरांची."

मल्लिकार्जुन सर लगबगीनं पुढं आले. "अहो ताई, मी त्यांचाच विद्यार्थी! पान स्वच्छ दिसावं म्हणून नाव काढलं."

"आणि चहा ठेवलात?"

"तो सिलॅबसमध्ये असेल असं वाटलं."

"मला दुसरं काही नको. पहिल्या पानावर त्यांचं नाव घाला."

"पुढच्या आवृत्तीत बघू की."

भाषणानंतर जिन्यात आरतीनं तिला गाठलं. "ताई, आमच्या क्लासच्या ग्रुपात टाकू का, पहिलं पान, वर देशमाने सरांचं नाव लिहून? विचारून टाकायचं म्हनलाव ना."

"टाक."

आरतीनं टाकलं. ऑटो यायच्या आत ग्रुपवर मल्लिकार्जुन सरांचा निरोप झळकला: 'स्वामित्वहक्काचा भंग झाल्यामुळे पोस्ट काढली आहे.'

मनस्विनीनं तो आरतीच्या फोनवर दोनदा वाचला.

"काढू द्या की," आरती म्हणाली. वरच्या हॉलमधून चारशे आवाज एका सुरात येत होते: पान एक, उद्धव देशमाने. "सगळ्यांचं पाठ बी झालं."