नदीपलीकडची माती

मायलेसीनं सासूचं बोचकं दाराबाहेर फेकलं, तेव्हा तिचा नवरा लॅक्सन अंगणात खाली मान घालून बसला होता. पाच महिन्यांचं त्याचं पोर. डोक्यात पाणी झालेलं, डोळ्यांवर पांढरट पडदा. आईच्या तोंडाकडे पोरानं एकदाही बघितलं नव्हतं. मांत्रिक म्हणाला, म्हातारीची करणी आहे. पहिली आंघोळ तिनंच घातली होती ना!

"ऊठ की!" मायलेसी ओरडली. "सोडून ये तिला तिच्या भावाच्या गावी. नाहीतर मी जाते पोराला घेऊन."

"आईनं काही केलेलं नाही गं."

"मग कुणी केलं? मी?"

काय सांगणार, कपाळ! सात वर्षं तो लुआंग्वा नदीपलीकडच्या अभयारण्यात रानमांजरांची विष्ठा गोळा करायचा, तपासणीसाठी. तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण पोटुशी बाईच्या पोटात गेले तर बाळाचे डोळे आणि मेंदू धरतात. लॅक्सन रोज हातमोजे घालायचा, कोपरापर्यंत साबण लावायचा. मोठा शहाणा! आणि मायलेसीला मातीचे डोहाळे लागले, गावातल्या वारुळाची माती तिला बेचव लागायला लागली, तेव्हा हाच गडी नदीपलीकडच्या वारुळाची लाल माती टोपीत भरून घेऊन आला. त्याच वारुळाच्या पायथ्याशी रानमांजरांच्या विष्ठेनं त्याच्या डब्या भरायच्या. माती काय, मातीच, असं वाटलं त्याला. बाया माती निखाऱ्यावर भाजून खातात. मायलेसीला तेवढाही दम निघाला नाही. तिनं कच्चीच खाल्ली, मुठी भरभरून, आणि हा कौतुकानं बघत बसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात मांजर आहे का?" मायलेसी नाही म्हणाली. लॅक्सनला तेव्हाच सगळं कळलं, आणि तो गप्प राहिला.

आज मात्र त्यानं सांगून टाकलं. टोपी, वारूळ, जंतू, सगळं. सांगता सांगता रडला.

"माझ्या आईनं माती खाल्ली, आजीनं खाल्ली," मायलेसी म्हणाली. "त्यांची पोरं झाली आंधळी? आईला वाचवायला कसलं खोटं बोलतोस रे!"

"देवाशपथ खरं आहे."

म्हातारी बोचकं डोक्यावर घेत होती. ती थांबली, लेकाकडे बघत राहिली. मग सुनेला म्हणाली, "खोटंच बोलतोय. लहानपणापासून माझी बाजू घेतो तो. मीच केलं पोरी. मी जाते, पण तू त्याला सोडून जाऊ नकोस."

कुंपणापलीकडे शेजारच्या बाया उभ्याच होत्या. त्यांनी ऐकलं. आता चेटकिणीला या गावात काय, भावाच्या गावातही कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"मी आणली ती माती!" लॅक्सन ओरडला. "मी आणली!" तो ओरडतच राहिला. म्हातारी वाटेला लागली, बाया तिच्याकडे बघून थुंकल्या, आणि त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.